सीएसएमटीच्या भिंतीवरचा मोर झिजतोय, म्हणजे नक्की काय होतंय?

लोकलमधून उतरलेला माणूस जमिनीकडे बघत चालतो. पुढच्याची बॅग कुठे लागतेय, सबवेच्या पायऱ्या ओल्या आहेत का, एवढंच त्याला दिसतं. मीही अकरा वर्षं सीएसएमटीतून असाच बाहेर पडत होतो. मग एका जुलैत पाणी तुंबून गाड्या बंद पडल्या, तीन तास ताटकळावं लागलं, आणि दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे मान वर गेली. एका कमानीच्या पोटात दगडी मोर पिसारा फुलवून उभा होता. पिसाऱ्याचा एक भाग धुतल्यासारखा स्वच्छ, पण साबणाची वडी झिजावी तसा गुळगुळीत होता. दुसऱ्या भागाच्या खोबणींत काजळी साचून तो काळा पडलेला. एकाच मोराच्या अंगावर असं दोन तऱ्हेचं म्हातारपण कसं आलं, हे मला कळेना.

सध्या स्थानकाच्या पुनर्विकासाचं काम चालू आहे. पत्रे लागलेत, क्रेन उभ्या आहेत, आणि ओळखीतले लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. वरच्या शिल्पांचं काय होणार? आणि, खरं तर हलक्या आवाजात, त्या नक्षीचं एवढं काय आहे? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट मिळाल्याशिवाय पहिल्याचं मिळत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

## आधी इमारतीची ओळख

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी सुटली, तेव्हा ही इमारत नव्हती. बोरीबंदरचं स्थानक साधंसुधं होतं. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद झाला, इंग्लंडच्या गिरण्यांना आपला कापूस लागला, आणि मुंबईत पैशाचा पूर आला. गव्हर्नर बार्टल फ्रियरने किल्ल्याचा तट पाडला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर एकामागून एक सार्वजनिक इमारती उभ्या राहू लागल्या. तो पूर लवकरच ओसरला, अनेकांचं दिवाळं निघालं, पण बांधकामाची सवय शहराला लागली ती लागलीच.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला, म्हणजे जीआयपी, या रेल्वे कंपनीच्या मुख्यालयाचं काम १८७८ मध्ये सुरू झालं. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचा. त्याच्या हाताखाली सीताराम खंडेराव वैद्य हे सहाय्यक अभियंता होते. १८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली त्या मुहूर्तावर व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव दिलं गेलं. इमारतीवर सुमारे सोळा लाख रुपये खर्च झाले. १९९६ मध्ये नाव बदलून छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ मध्ये त्यात 'महाराज' आलं. २००४ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

शैलीचं नाव गॉथिक. युरोपात मध्ययुगात चर्चं बांधायची ही रीत. टोकदार कमानी, उंच मनोरे, आणि रिकामी भिंत दिसली की तिथे काहीतरी कोरायचं. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ती पुन्हा उचलली आणि चर्चऐवजी स्थानकं, कोर्टं, विद्यापीठं त्या रीतीने बांधली. या लेखात गॉथिक म्हणजे एवढंच.

## नक्षी नुसती चिकटवलेली नाही

आपल्या डोक्यात नक्षी म्हणजे केकवरचं क्रीम असतं. आधी केक तयार होतो, मग वरून फुलं काढतात. फुलं काढून टाकली तरी केक केकच राहतो. गॉथिक इमारतीत असं नसतं. इथे बरीचशी नक्षी काहीतरी काम करत असते.

सगळ्यात सोपं उदाहरण गार्गॉइलचं. छपराच्या कडेवरून बाहेर झेपावलेलं एखादं जनावर, त्याची मान लांब आणि तोंड उघडं. हे पावसाच्या पाण्याचं तोंड आहे. छपरावरचं पाणी भिंतीवरून ओघळलं तर भिंत ओली राहते, सांध्यांतला चुना धुऊन जातो. म्हणून पाणी भिंतीपासून चार हात लांब फेकायचं. नळी लावली असती तरी चाललं असतं, पण कोरणाऱ्याने नळीला मान दिली, कान दिले, दात दिले. आपल्याकडे देवळाच्या गाभाऱ्यातून अभिषेकाचं पाणी बाहेर टाकणारं मकरमुख किंवा गोमुख हेच काम करतं. म्हणजे ज्या मुंबईकराने अंबरनाथचं देऊळ पाहिलंय, त्याला गार्गॉइल वेगळं समजावून सांगायची गरज नाही. नाव तेवढं परकं. एक खूण मात्र लक्षात ठेवा: तोंडात भोक असेल तर ते कामाचं जनावर. नसेल तर ते केवळ रूपासाठी बसवलेलं.

खांबाच्या माथ्यावरची पानं आणि प्राणी पाहा. कमानीचं वजन रुंद असतं आणि खांब त्यामानाने बारीक. दोघांच्या मध्ये वजन गोळा करून खाली देणारा एक दगड लागतो. भरलेला हंडा डोक्यावर घेताना बाई आधी चुंबळ ठेवते, तसा. हीच खांबाची चुंबळ. तिला स्तंभशीर्ष म्हणतात. तो दगड तसाही बसवायचाच होता. मग त्यावर पानं कोरली, पानांत पक्षी लपवले.

काही शिल्पं मात्र सरळ पाटीचं काम करतात. अक्षरओळख नसलेल्यालाही कळावं की हे घर कुणाचं. घुमटाच्या टोकावर उभी असलेली बाई म्हणजे 'प्रगती'. उजव्या हातात उंच धरलेली मशाल, डाव्या बाजूला आऱ्यांचं चाक. दर्शनी बाजूच्या त्रिकोणी माथ्यांवर शेती, व्यापार, अभियांत्रिकी यांच्या मानवी प्रतिमा आहेत. रेल्वे कंपनीची ही जाहिरातच म्हणा ना: आम्ही आलो की शेतमाल बंदरावर, बंदरावरून पैसा, आणि हे सगळं आमच्या इंजिनियरांच्या जोरावर. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ. सिंह म्हणजे ब्रिटन, वाघ म्हणजे हिंदुस्थान. दोघे समान उंचीवर बसलेत ही त्यातली गंमत. व्यवहारात तसं काही नव्हतं.

आणि भिंतीवरच्या गोल चौकटींत माणसांचे चेहरे आहेत. त्यांत जमशेटजी जीजीभॉय आहेत आणि जगन्नाथ शंकरशेठ आहेत. म्हणजे आपले नाना. इथे रेल्वे यावी म्हणून खटपट करणाऱ्यांतले ते एक. इमारतीचं काम सुरू होण्याच्या तेरा वर्षं आधीच ते गेले. दगडात का होईना, ते अजून ड्यूटीवर आहेत.

एक तांत्रिक बाब सांगतो, कारण तिच्यावाचून पुढे दुरुस्तीचा मुद्दा कळणार नाही. खालून बाहुलीएवढी दिसणारी ती 'प्रगती' प्रत्यक्षात माणसाच्या दुपटीहून उंच आहे. तिचे डोळे, वस्त्राच्या चुण्या, बोटं सगळं मुद्दाम खोल आणि ठळक कोरलंय. नाटकातल्या नटाचा मेकअप विंगेत जवळून पाहिला तर भडक वाटतो, पण शेवटच्या रांगेतून बरोबर दिसतो, तसं. खालून आपल्याला दगड दिसत नाही, दगडावरची सावली दिसते. खोबणीची कड बोथट झाली की सावली पुसट होते आणि चेहरा नाहीसा होतो, दगड जवळपास तेवढाच असला तरी.

## "हे सगळं किपलिंगने केलं ना?"

हे वाक्य गाइडच्या तोंडून, चहाच्या टपरीवर, सगळीकडे ऐकू येतं. ते खरं नाही, आणि तारखा लावल्या की लगेच कळतं.

जे.जे. कला विद्यालय १८५७ मध्ये सुरू झालं. तिथे शिल्पकला शिकवायला जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ मध्ये आले. पुढे प्रसिद्ध झालेला लेखक रुडयार्ड किपलिंग हा त्यांचा मुलगा. तोही त्याच वर्षी मुंबईत जन्मला. क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, तिच्या प्रवेशकमानींवरची उठावशिल्पं आणि आतलं कारंजं लॉकवुड किपलिंगच्या हातचं. पण १८७५ मध्ये ते लाहोरला गेले. सीएसएमटीचं काम सुरू झालं १८७८ मध्ये. गेलेला मास्तर तीन वर्षांनी सुरू झालेल्या कामावर छिन्नी कशी चालवेल?

घुमटावरची 'प्रगती' आणि फाटकावरचे सिंह-वाघ थॉमस अर्प या इंग्लंडमधल्या शिल्पकाराचे. लंडनच्या चेअरिंग क्रॉस स्थानकासमोर एक उंच कोरीव स्तंभ आहे, तोही अर्पनेच घडवलेला. स्थानकाबाहेर दगड उभे करण्यात या माणसाचा हात बसलेला होता असं म्हणायला हरकत नाही.

उरलेलं बहुतेक काम, म्हणजे पानं, पक्षी, प्राणी, खांबांचे माथे, जाळ्या, जे.जे.च्या विद्यार्थ्यांनी आणि इथल्या कारागिरांनी केलं. शाळा स्थानकापासून चालत पाच-सात मिनिटांवर. त्या काळात शाळेची सूत्रं जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे होती, आणि हेच ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला जात होते. मला हा योगायोग फार आवडतो. एकाच शाळेतली पोरं एकीकडे अजिंठ्याच्या अंधारात डोळे ताणून हंस-हत्ती उतरवून घेताहेत, आणि दुसरीकडे बोरीबंदरच्या उन्हात बसून मोर कोरताहेत. मोराचा पिसारा असा सैल आणि सराईत का आहे, याचं उत्तर कदाचित लंडनपेक्षा छत्रपती संभाजीनगर (पूर्वीच्या औरंगाबाद) जिल्ह्यात शोधावं लागेल. हा माझा अंदाज. अंदाज म्हणूनच घ्या.

'प्रगती'च्या कर्त्याचं नाव पुस्तकांत मिळतं. मोराच्या कर्त्याचं मिळत नाही.

## हायकोर्टातल्या माकडाची गोष्ट

शिल्पांचा विषय निघाला की कुणीतरी ही गोष्ट सांगतंच, म्हणून थोडी वाट वाकडी करतो. कर्नल जेम्स फुलरने बांधलेल्या आणि १८७८ मध्ये पुऱ्या झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या इमारतीत एका खांबाच्या माथ्यावर माकड आहे. एका डोळ्यावर पट्टी, हातात न्यायाचा तराजू, तोही कललेला. दुसरीकडे वकिलाच्या वेशातला कोल्हा आहे. सांगतात ते असं: एका कंत्राटदाराचं पैशावरून भांडण झालं, खटला तो हरला आणि त्याने दगडात सूड उगवला.

गोष्ट झकास आहे. पण माकड आणि कोल्हा समजून घ्यायला तिची गरज नाही. युरोपातल्या जुन्या चर्चमध्ये धर्मगुरूचा झगा घालून बदकांना प्रवचन देणारा कोल्हा अनेक ठिकाणी कोरलेला आहे. वर देव, खाली राजा, आणि कोपऱ्यात कुणाच्या सहज नजरेत न येणाऱ्या जागी कारागिराची थट्टा, ही गॉथिकची जुनी चाल. आपल्या देवळांच्या बाहेरच्या भिंतीवर तरी सगळी शिल्पं कुठे सोवळी असतात? ही मोकळीक परंपरेनेच दिलेली होती. सूडाची गोष्ट खरी असेल किंवा नसेल, थट्टेची जागा मात्र आधीपासून राखून ठेवलेली होती.

विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवर याउलट प्रकार आहे. तिथे थट्टा नाही. पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या समाजांचे चोवीस पुतळे आहेत, प्रत्येकाची पगडी, अंगरखा, उभं राहण्याची ढब वेगळी. आजच्या नजरेने पाहिलं तर माणसांचं असं वर्गीकरण करून कोनाड्यांत मांडणं खटकतं. पण त्या काळची पगडी कशी बांधत हे पाहायचं असेल तर छायाचित्रापेक्षा ते पुतळे अधिक सांगतात.

## मोर कशाचा आहे?

आता मुख्य मुद्दा. सीएसएमटीत एकच दगड नाही. भिंतींचा पिवळसर दगड मालाडचा. हो, आपल्या मालाडचा. तिथे एके काळी खाणी होत्या. काळा बेसॉल्ट तर आपल्या सह्याद्रीचाच. आतल्या खांबांना इटलीचा संगमरवर. आणि बारीक कोरीव कामासाठी पोरबंदरचा पांढरट चुनखडक, समुद्रमार्गे आणलेला.

चुनखडकच का? कारण तो ताजा असताना मऊ असतो. बेसॉल्टवर छिन्नी मारणं म्हणजे वाळलेल्या खारकेत सुई घालणं. पोरबंदरचा दगड करवतीने कापता येतो. मोराच्या पिसाऱ्यातला एकेक डोळा कोरायचा तर असाच दगड हवा. पण तो मऊ का असतो? कारण तो समुद्रातल्या बारीक शिंपल्यांचा आणि वाळूचा साका आहे. त्यात लाखो सूक्ष्म पोकळ्या असतात. रासायनिकदृष्ट्या तो कॅल्शियम कार्बोनेट आहे. खडू, शंख, अंड्याचं कवच आणि हा मोर एकाच कुळातले.

ज्या गुणामुळे तो कोरला गेला, त्याच गुणामुळे तो झिजतो.

## दगडाला रोग कसा लागतो

माझ्या आईकडे संगमरवरी पोळपाट होता. त्यावर एकदा लिंबू कापलं आणि दुसऱ्या दिवशी तिथे निस्तेज डाग. पुसून जाईना, कारण तो डाग नव्हताच. तेवढा दगड विरघळला होता. शहाबादी फरशीवर संडास धुण्याचं ॲसिड सांडलं की फसफसतं, तेही हेच. चुनखडक आणि आंबट यांचं कधीच जमत नाही.

हवेत आंबट कुठून आलं? कोळशातून. कोळशात गंधक असतं. तो जळला की त्याचा वायू होतो, ओलाव्याशी मिळून आम्ल होतं, आणि चुनखडकाच्या पृष्ठभागाचं रूपांतर जिप्सममध्ये होतं. जिप्सम म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस ज्यापासून बनतं ते. जिप्सम पाण्यात थोडं थोडं विरघळतं. त्यामुळे जिथे पावसाचा मारा थेट बसतो तिथे ते धुऊन जातं. दगड स्वच्छ दिसतो, पण दरवर्षी किंचित पातळ होतो. जिथे पाऊस पोचत नाही, म्हणजे कमानीच्या आत, हनुवटीखाली, पंखाखाली, तिथे जिप्सम साचतं, त्यात काजळी अडकते आणि काळं कवच तयार होतं. कवचाखालचा दगड आतून भुसभुशीत होतो. एक दिवस कवच पोपड्यासारखं सुटतं आणि नाक घेऊन जातं.

माझ्या मोराच्या दोन म्हातारपणांचं कोडं असं सुटलं. गुळगुळीत झाला तो भाग पावसात होता, काळा झाला तो आडोशाला.

आता विचार करा, या शिल्पांच्या सगळ्यात जवळ कोळसा कुठे जळत होता? याच इमारतीच्या पाठीमागे. वाफेची इंजिनं दिवसरात्र धूर ओकत होती. ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेची गाडी इथूनच कुर्ल्याला गेली, आणि त्यानंतर धूर हळूहळू कमी होत गेला. घुमटावर मशाल घेऊन 'प्रगती' उभी, आणि तिच्या पायाशी चाललेली प्रगती खालच्या शिल्पांचे चेहरे खातेय, असं चाळीसेक वर्षं चाललं होतं. पुढे मोटारींचा धूर आला. २०२० पासून बीएस-६ या प्रदूषण-नियमांनुसारच्या इंधनात गंधकाचं प्रमाण दहा लाखांत दहा भागांवर आलंय, म्हणजे या एका बाबतीत दगडाला आता बराच आराम आहे.

मीठ मात्र सुटत नाही. समुद्र हाकेच्या अंतरावर. खारी हवा दगडाच्या पोकळ्यांत शिरते, दुपारी पाणी उडून जातं, मीठ आत राहतं आणि त्याचे स्फटिक वाढताना पोकळीच्या भिंती आतून ढकलतात. मातीच्या मडक्यात मीठ साठवलेलं कुणी पाहिलं असेल तर आठवेल: काही दिवसांनी बाहेरून पांढरी पावडर येते, मग मडक्याची पापडी सुटते. दगडाचं तेच, फक्त सावकाश.

शिवाय लोखंड. सुटे भाग जोडायला जुन्या कारागिरांनी आत लोखंडी कांबी घातल्या. लोखंड गंजलं की फुगतं आणि दगड आतून उकलतो. आणि कबुतरं. त्यांच्या विष्ठेतून पिंपळाचं बी येतं, सांध्यात रुजतं. पिंपळाच्या मुळाला फटीत शिरायला कुणाची परवानगी लागत नाही.

## "मग वेरूळ हजार वर्षांवर कसं टिकलं?"

रास्त प्रश्न. वेरूळ बेसॉल्टमध्ये आहे. ज्वालामुखीच्या लाव्हाचा तो दगड, त्यात चुनखडकासारखा चुना नाही, म्हणून आम्ल त्याला तसं खात नाही. शिवाय तिथे समुद्र नाही, रेल्वे नाही, आणि कैलास अखंड खडकातून वरून खाली कोरलेला आहे. सांधेच नाहीत, तर सांध्यातली कांब कुठून येणार? आणि तरीही तिथल्या शिल्पांची नाकं-हात झिजले-तुटलेत, फक्त आपण त्याला 'प्राचीन' म्हणतो म्हणून डोळ्यांवर येत नाही.

## "सिमेंट थापून टाका की!"

हे देशभर झालेलं आहे आणि सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच केलंय. कारण समजायला पाण्याचा माठ आठवा. माठ पाझरतो म्हणून पाणी गार होतं. त्याला बाहेरून ऑइलपेंट दिला तर दिसेल छान, पाणी गरम राहील. चुनखडकाची भिंत माठासारखी आहे. पावसात ओल आत घेते, उन्हात बाहेर टाकते. सांध्यांत भरलेला चुना असा की तो ओलीला वाट देतो, आणि दगडापेक्षा मऊ असल्यामुळे झिजायची वेळ आली तर आधी स्वतः झिजतो. तो मधूनमधून पुन्हा भरायचा, एवढंच. सिमेंट उलट वागतं. ते कठीण आणि गच्च. ओल त्याच्यातून जाऊ शकत नाही, म्हणून शेजारच्या दगडातून वाट काढते, मीठही तिथेच सोडते. दहा-वीस वर्षांनी सिमेंटचा थिगळा ठणठणीत दिसतो आणि त्याच्याभोवतीचा दगड गळून गेलेला असतो.

सफाईचंही तसंच. वाळूच्या फवाऱ्याने दगड तासाभरात पांढराशुभ्र होतो, कारण त्याची वरची कातडीच निघालेली असते. जाणकार लोक पाण्याचं बारीक धुकं सोडतात, मऊ ब्रश वापरतात, किंवा मातीचा अथवा कागदाच्या लगद्याचा ओला लेप लावून ठेवतात. लेप सुकताना आतलं मीठ स्वतःत ओढून घेतो. चेहऱ्यावर मुलतानी माती लावतो ना, तेच तत्त्व. वेळ लागतो, आणि काम झाल्यावर फीत कापण्याजोगं काही दिसत नाही, ही त्यातली अडचण.

मग तुटलेल्या नाकाचं काय? इथे जाणकारांतही दोन तट आहेत. एकांचं म्हणणं, मूळ कारागिराच्या हातचं जेवढं उरलंय तेवढंच ठेवा, नवं नाक म्हणजे आपली कल्पना. दुसऱ्यांचं म्हणणं, पाणी फेकणारं तोंडच तुटलं तर भिंत जाईल, ते बदलायलाच हवं. मला वाटतं, रफूगराकडून दोघांनीही शिकावं. पैठणी फाटली तर तो नवी साडी विणत नाही आणि फाटकी तशीही ठेवत नाही. दोन हातांवरून दिसणार नाही, पण हातात घेऊन पाहिलं तर कळेल, असा टाका घालतो. काम करणारा दगड बदलावा, तोही त्याच जातीचा. नुसतं दिसणारं नाक गेलं असेल तर जाऊ द्यावं.

आजकाल थ्रीडी स्कॅनचं नाव निघतं. स्कॅन जरूर करावा. आजची स्थिती नोंदली गेली तर दहा वर्षांनी किती झीज झाली हे मोजता येईल. पण स्कॅनवरून फायबरचा मोर छापून वर चढवायचा असेल तर ते दुकानाबाहेरच्या पुतळ्यासारखं होईल.

## "साहेबाची नक्षी आपण का जपायची?"

या प्रश्नाला मी हसण्यावारी नेत नाही. इमारत साम्राज्याची जाहिरात होती हे वर सांगितलंच. घड्याळाखालच्या कोनाड्यात राणीचा पुतळा होता, तो स्वातंत्र्यानंतर हलवला. काळा घोडा चौकातला घोड्यावरचा राजा १९६५ मध्ये राणीच्या बागेत गेला. दोन्ही निर्णय मला योग्य वाटतात. स्वतंत्र देशाने आपल्या दारावर कुणाला उभं करायचं हे त्याने ठरवावं. आणि सीएसएमटीचा तो कोनाडा रिकामा ठेवला हे तर फारच छान झालं. रिकामी जागाही बोलते.

पण राणी आणि मोर एक नव्हेत. राणीचा पुतळा सत्तेने बसवला. मोर इथल्या मुलांनी कोरला, इथल्या पक्ष्यावरून, पोरबंदरच्या दगडात. त्याला साहेबाचा म्हणायचं तर ज्या हातांचं नाव आधीच नोंदलं गेलं नाही त्यांचं उरलंसुरलं श्रेयही आपणच साहेबाला देऊन टाकतो.

## "पूल पडतात, आणि तुम्ही पिसारा मोजताय?"

मार्च २०१९ मध्ये याच स्थानकाला लागून असलेला पादचारी पूल कोसळला, माणसं मेली. ते आठवून कुणी चिडून हा प्रश्न विचारला तर त्याचा राग मला समजतो. पैसा मोजका असेल तर आधी पूल, यात वाद नाही.

फक्त हे दोन वेगळे खर्च आहेत असं मला वाटत नाही. फुटपाथवर रोज लाखो माणसं चालतात, त्यांच्या डोक्यावर सुटत आलेला दगडाचा तुकडा ही सुरक्षेचीच बाब आहे. गटाराचं तोंड बुजलं की पाणी भिंतीत मुरतं, भिंतीतून कांबीत, कांबीतून तडा. पूल असो वा पंख, दोन्हीकडे चूक तीच होते: पावसाळ्याआधी कुणीतरी शिडी लावून वर जायचं असतं, पिंपळाचं रोप चार पानांचं असतानाच उपटायचं असतं, सांध्यात बोटभर चुना भरायचा असतो. या कामाला कोटी लागत नाहीत, दरवर्षीचा माणूस लागतो. पुनर्विकासाच्या बातम्या वाचताना मी क्रेनचे आकडे बघत नाही. चुना भरणारे आणि दगड कोरणारे किती जण कायम नेमले आहेत, ते शोधत असतो. या इमारतीपासून हाकेच्या अंतरावर शिल्पकला शिकवणारी शाळा आजही चालू आहे, हे लक्षात घेता माणसं मिळणार नाहीत असंही नाही.

## बघायचं असेल तर

दुपारी जाऊ नका. दर्शनी बाजू पश्चिमेला आहे. भर दुपारी ऊन डोक्यावरून पडतं आणि सगळं सपाट दिसतं. हिवाळ्यात साडेचार-पाचला महापालिकेच्या बाजूच्या फुटपाथवर उभं राहा. तिरपं ऊन प्रत्येक खोबणीत शिरतं आणि पुसट झालेले चेहरेही थोडा वेळ परत येतात. आधी घुमटावरची मशाल, मग घड्याळ, त्याखालचा रिकामा कोनाडा, मग गोल चौकटी. नाना शंकरशेठ शोधा; पगडीवरून सापडतील. मग वळून महापालिकेची इमारत पाहा, तीही स्टीव्हन्सचीच, १८९३ ची, माथ्यावर पंखवाली नगरदेवता घेऊन उभी.

दुर्बीण असेल तर न्या. लोक बघतील, पण सीएसएमटीसमोर लोक काय बघत नाहीत. आणि गार्गॉइलचं काम करतानाचं रूप पाहायचं असेल तर जुलैत या, गाड्या बंद पडल्या की वेळच वेळ असतो.